‘पिक अप’चे इतके अर्थ, आणि मराठीतली ‘उचल’ त्यात कुठवर कामाला येते

प्रश्न असा आहे: इंग्रजी शब्दकोशात ‘पिक अप’खाली अर्थांची भली मोठी रांग असते, ती पाठ केली तरी आठवड्यात विसरायला होते, शिवाय ‘आय विल पिक अप यू ॲट सिक्स’ या वाक्याखाली लाल रेघ आली, ती का आली हे कुणी सांगितलं नाही.

रेघेचं आधी, कारण ते चटकन उरकतं. ‘पिक अप’ हे फुटणारं क्रियापद आहे. ‘पिक’ आणि ‘अप’ यांच्या मधे कर्म शिरू शकतं. ते कर्म सर्वनाम असेल, म्हणजे यू, हिम, हर, इट, देम यांपैकी काही, तर ते मधेच बसलं पाहिजे. बाहेर ठेवलं की वाक्य मोडतं. म्हणून ‘आय विल पिक यू अप ॲट सिक्स’. कर्म नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या: ‘पिक अप द किड्स’ म्हणा किंवा ‘पिक द किड्स अप’. मात्र नाम शेपटासकट येत असेल, ‘नाशिकहून काल आलेलं पार्सल’ यासारखं, तर ते बाहेरच ठेवायचं: ‘पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम नाशिक येस्टरडे’. एवढं सगळं मधे कोंबलं तर ‘अप’ पार शेवटी एकटं पडतं, आणि ऐकणाऱ्याने तोवर ‘पिक’चा अर्थ ‘निवडणे’ असा लावलेला असतो.

याहून जास्त होणारी चूक वेगळीच आहे, आणि तिच्याखाली सहसा कुणी रेघही मारत नाही. ती म्हणजे ‘अप’ गाळणं. ‘पिक मी फ्रॉम द स्टेशन’, ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’, ‘पिक अँड ड्रॉप’ ही आपल्याकडची रोजची वाक्यं. भारतात ती समजतात, पण बाहेरच्या कानाला ‘पिक मी’ म्हणजे ‘मला निवड’. मराठीत ‘उचल’ या एका शब्दात काम भागतं, त्यामुळे ‘अप’ हा आपल्याला फुकटचा जोड वाटतो. तो जोड नाही, अर्धा अर्थ त्यात आहे. बरोबर रूपं अशी: ‘पिक मी अप फ्रॉम द स्टेशन’, ‘ही इज नॉट पिकिंग अप’, ‘पिक-अप अँड ड्रॉप-ऑफ’. फोनच्या बाबतीत कर्म न देता नुसतं ‘पिक अप’ म्हणणं सगळ्यात सहज: ‘आय कॉल्ड थ्राइस, नोबडी पिक्ड अप’. ‘कॉल’ हा शब्द वाक्यात आणायचाच असेल तर क्रियापद बदला: ‘ही डिडन्ट आन्सर माय कॉल’.

‘अप’ असणं-नसणं किती फरक करतं ते क्रिकेटमध्ये स्वच्छ दिसतं. ‘ही कुडन्ट पिक द गुगली’ म्हणजे त्याला गुगली ओळखता आली नाही. तिथे ‘अप’ नाही. ‘ही पिक्ड अप थ्री विकेट्स’ म्हणजे त्याने तीन बळी मिळवले. ‘पिक्ड अप अ सिंगल’ म्हणजे एकेरी धाव काढली. आणि बॅट घेताना विचारतात तो ‘पिक-अप’ म्हणजे बॅट उचलताना हाताला जाणवणारा भार. दोन बॅटी तराजूवर एकाच वजनाच्या, समजा १२०० ग्रॅमच्या, असल्या तरी लाकडाचा भार खाली टोकाकडे असलेली जड उचलते आणि वर सरकलेली हलकी उचलते. इथे मराठी दुकानदारही ‘पिकअप’च म्हणतो.

आता अर्थांच्या रांगेकडे. ती पाठ करू नका. क्रियापद एकच आहे. काय उचललं जातंय त्यावरून अर्थ ठरतो. म्हणून वाक्य वाचताना आधी कर्म शोधायचं, आणि कर्मच नसेल तर कर्त्याकडे बघायचं. दुसरी मदत घरातच आहे. आपलं ‘उचलणे’ हेसुद्धा असंच पसरलेलं क्रियापद आहे. मराठी माणूस दगड उचलतो, फोन उचलतो, खर्च उचलतो, पोलीस संशयिताला उचलतात. या चारही ठिकाणी इंग्रजीत ‘पिक अप’ चालतं. म्हणजे आपण शून्यापासून सुरुवात करत नाही. पण पुढे दोन्ही रस्ते फुटतात, आणि चुका बरोबर त्या फाट्यावर होतात.

प्रत्यक्ष वस्तू उचलण्यात एक बारीक अट आहे. ‘पिक अप’मध्ये वस्तू साधारण हातात मावणारी, सहज उचलता येणारी असते: पेन, किल्ली, जमिनीवरचा कागद, लहान मूल. भरलेला गॅस सिलिंडर किंवा तांदळाचं पोतं असेल तर ‘लिफ्ट’ जास्त नेमकं, कारण तिथे जोर लावण्यावर भर आहे. ‘पिक अप युवर फीट’ म्हणजे पाय फरफटवत चालू नकोस, नीट उचलून टाक. लहान मुलाच्या बाबतीत मात्र एकाच क्रियापदाचे दोन अर्थ शेजारी येतात. ‘पिक अप द बेबी’ म्हणजे बाळाला उचलून घे. ‘पिक अप द बेबी फ्रॉम द क्रेश’ म्हणजे बाळाला पाळणाघरातून आण. ‘फ्रॉम’नंतर ठिकाण आलं की ‘आणणे’ हा अर्थ पक्का झाला.

हा ‘आणणे’ अर्थ आपल्याला सगळ्यात जास्त लागतो आणि सगळ्यात जास्त अडखळवतो, कारण मराठीत आपण माणसाला ‘उचलत’ नाही, ‘घ्यायला’ किंवा ‘न्यायला’ येतो. त्यामुळे ‘मी तुला घ्यायला येते’चं ‘आय विल कम टू टेक यू’ होतं. ते व्याकरणात बसतं, पण कानाला जबरदस्तीने घेऊन गेल्यासारखं लागतं. ‘आय विल पिक यू अप’ एवढंच पुरतं. ‘कम टू’ची गरज नाही, कारण येणं त्यातच आहे. ‘आय विल कम टू रिसीव्ह यू’ हेही आपल्याकडे फार चालतं. ‘रिसीव्ह’मध्ये पाहुण्याचं स्वागत आहे, हारतुऱ्याचा वास आहे. आतेभाऊ विमानतळावर गाडी घेऊन येणार असेल तर तो ‘पिक अप’ करतो. गाडी नसेल, नुसता फलाटावर उभा राहणार असेल तर तो ‘मीट’ करतो: ‘आय विल मीट यू ॲट द स्टेशन’. ब्रिटनमध्ये पार्सल आणि शाळेतलं मूल यांच्यासाठी ‘कलेक्ट’ही भरपूर वापरतात. तिथल्या टपालाच्या चिठ्ठीवर ‘कलेक्ट’ दिसलं तर ते वर्गणी गोळा करण्याचं नाही, हेच आहे.

एक सावधगिरी इथेच. ‘पिक समवन अप’चा अनोळखी माणसाशी सलगी करून बरोबर नेणे असाही अर्थ आहे. फरक ठिकाणाने आणि शब्दयोगीने पडतो. ‘ही पिक्ड हर अप फ्रॉम द स्टेशन’ अगदी निर्मळ. ‘ही पिक्ड अप अ गर्ल ॲट अ बार’ निर्मळ नाही. नाव, नातं किंवा सर्वनाम असेल आणि सोबत ‘फ्रॉम’ असेल तर काळजी नको. ‘अ गर्ल’, ‘अ मॅन’ असं कुणीतरी अनोळखी आणि ‘ॲट’नंतर बार किंवा पार्टी आली की अर्थ बदलतो. ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘आय पिक्ड अप अ लेडी ऑन द वे’ असं लिहू नका. ‘आय गेव्ह अ कलीग अ लिफ्ट’ लिहा.

पोलिसांच्या बातम्यांत मराठी आणि इंग्रजी चक्क हातात हात घालून चालतात. ‘चौकशीसाठी उचललं’ आणि ‘पिक्ड अप फॉर क्वेश्चनिंग’. पण भाषांतर करणाऱ्याने इथे घाई करू नये. ‘पिक्ड अप’ म्हणजे ‘अटक केली’ नव्हे. अटकेला कायद्यात वेगळा अर्थ आहे, आणि मूळ बातमीत ‘अरेस्टेड’ हा शब्द नसेल तर मराठीत ‘ताब्यात घेतलं’ लिहायचं. ‘उचललं’ हे बोलण्यात ठीक, पण त्यात थोडी धाकदपटशाची छटा आहे. इंग्रजीत ती तितकी नाही.

यापुढचा गट सगळ्यात सुंदर आहे. ‘शी पिक्ड अप मराठी इन सिक्स मंथ्स’, ‘ही पिक्ड अप अ कोल्ड’, ‘द बॉय पिक्ड अप सम बॅड हॅबिट्स’. भाषा, सर्दी आणि वाईट सवय यांना एकच क्रियापद कसं? कारण तिन्ही गोष्टी मुद्दाम मिळवलेल्या नाहीत. वावरताना, ऐकताना, शेजारी बसताना त्या अंगाला चिकटल्या. मराठीत यासाठी ‘उचलणे’ अर्धवट चालतं (‘पोरगं भाषा लगेच उचलतं’), सवयीसाठी ‘लागणे’ येतं, आणि संसर्गासाठी ‘लागण होणे’. हे एकदा लक्षात आलं की हा अर्थ कुठे वापरू नये हेही आपोआप कळतं. बेळगावच्या बाजारात कानावर पडून कन्नड आली तर ‘पिक्ड अप’. चार वर्षं शिकून अभियांत्रिकीची पदवी घेतली तर ‘पिक्ड अप’ नाही. तिथे ‘स्टडीड’ किंवा ‘ट्रेन्ड इन’. नोकरीच्या अर्जात ‘आय पिक्ड अप जावा’ लिहिलं की अर्थ होतो, कामात बघून बघून आली. तसं असेल तर प्रामाणिकपणे लिहा, पण रीतसर शिकलेल्या गोष्टीला हे क्रियापद लावून तिची किंमत कमी करू नका.

आजारांतही हीच कसोटी. बाहेरून चिकटणारा आजार ‘पिक अप’ होतो: सर्दी, जुलाबाचा जंतू, एखादा संसर्ग. मधुमेह, संधिवात, कर्करोग ‘पिक अप’ होत नाहीत. त्यांना ‘डेव्हलप’ किंवा साधं ‘गेट’. खेळाच्या बातम्यांत मात्र दुखापतही ‘पिक अप’ होते: ‘ही पिक्ड अप अ हॅमस्ट्रिंग इंजुरी’, आणि फुटबॉलमध्ये पिवळं कार्डसुद्धा. तिथे भावना अशी की खेळता खेळता पदरात पडलं.

खरेदीत ‘पिक अप’ हलकंफुलकं असतं. ‘पिक अप सम मिल्क ऑन युवर वे होम’ म्हणजे येताना दूध घेऊन ये. ‘आय पिक्ड इट अप फॉर टू हंड्रेड रुपीज’ यात स्वस्तात मिळाल्याचा आनंद आहे. घर किंवा जमीन घेतली तर सहसा ‘बॉट’ म्हणावं. ‘पिक्ड अप अ फ्लॅट इन ठाणे’ म्हटलं तर मिरवल्यासारखं होतं.

यानंतर टिपण्याचा अर्थ: यंत्राने, कानाने किंवा नाकाने टिपणे. रेडिओ स्टेशन ‘पिक अप’ करतो, रडार विमान टिपतं, कुत्रा वास घेऊन माग काढतो. वैद्यकीय कागदांत हे वारंवार येतं. ‘द स्कॅन पिक्ड अप अ स्मॉल नोड्यूल’ याचं भाषांतर ‘स्कॅनने गाठ उचलली’ असं करून चालणार नाही. वाचणारा रुग्ण घाबरेल आणि गाठ काढली असंही समजेल. ‘स्कॅनमध्ये लहानशी गाठ दिसून आली’ हे बरोबर. ‘द डॉक्टर पिक्ड अप अ मर्मर’ म्हणजे छाती तपासताना हृदयाच्या ठोक्यांसोबत वेगळा आवाज ऐकू आला.

इलेक्ट्रिक गिटारवरच्या ‘पिकअप’ला हे नाव का, हेही इथेच उलगडतं. तारांच्या खाली बसवलेल्या त्या चपट्या पेटीत चुंबक असतो आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत विजेचा बारीक प्रवाह उमटतो, तो ॲम्प्लिफायरकडे जातो. म्हणजे पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तारेची हालचाल टिपतो. म्हणून नायलॉनच्या तारांवर हा पिकअप मुका राहतो. लाकडी पोटाच्या वाद्यांना दाब टिपणारा वेगळा पिकअप चिकटवतात. माईकच्या खोक्यावर ‘पिकअप पॅटर्न’ लिहिलेलं असतं ते कुठल्या दिशेचा आवाज तो टिपेल याबद्दल आहे. कीर्तनाला किंवा सभेला माईक घेताना हेही बघावं.

टिपण्यालाच ‘ऑन’ जोडलं की माणसांचं मन येतं. ‘शी पिक्ड अप ऑन हिज अनईज’ म्हणजे त्याची अस्वस्थता तिच्या लक्षात आली, त्याने न सांगता. पण मधे माणूस घातला तर अर्थ उलटतो: ‘द एडिटर पिक्ड मी अप ऑन माय स्पेलिंग’ म्हणजे संपादकांनी माझी शुद्धलेखनाची चूक दाखवली, मला टोकलं. हे ब्रिटिश वळण आहे. अमेरिकन सहकाऱ्याला ते चटकन उमगेलच असं नाही.

आता कर्म नसलेला ‘पिक अप’. इथे कर्ता बघायचा. ‘द विंड पिक्ड अप’, ‘ट्रॅफिक पिक्स अप आफ्टर सिक्स’ यात जोर वाढणं आहे. ‘बिझनेस इज पिकिंग अप’, ‘द पेशंट इज पिकिंग अप’ यात खाली गेलेलं सावरणं आहे. जूनमध्ये पाऊस हजेरी लावून दडी मारतो तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांत ‘मॉन्सून लाइकली टू पिक अप’ हा मथळा ठरलेला. मराठीत त्याला ‘पाऊस जोर धरणार’. धंद्यासाठी ‘सावरणे’, आजारी माणसासाठी ‘सुधारणे’, गाडीसाठी ‘वेग घेणे’. चारही ठिकाणी ‘उचलणे’ बाजूला ठेवा.

आणि इथेच मराठी माणसासाठी खोल खड्डा आहे: ‘उचल खाणे’. ‘जुन्या दुखण्याने उचल खाल्ली’ याचं कुणी ‘हिज ओल्ड इलनेस पिक्ड अप’ केलं तर ऐकणारा गोंधळतो, कारण आजारी माणसाबद्दल ‘पिक अप’ म्हटलं की सुधारणाच ऐकू येते. दुखणं उलटलं तर ‘फ्लेअर्ड अप’ किंवा ‘इट हॅज कम बॅक’. तसंच ताप चढला तर ‘वेंट अप’. परदेशातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलताना आईवडिलांच्या तब्येतीबद्दल हा गोंधळ होता कामा नये.

तुटलेला धागा पुन्हा हाती घेणं, हा आणखी एक भरदार अर्थ. ‘लेट्स पिक अप व्हेअर वुई लेफ्ट ऑफ’: मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे. ‘पिक अप द थ्रेड’: बोलण्याचं सूत्र पुन्हा पकडणं. दिंडीत विणेकऱ्याने अभंगाचं ध्रुपद म्हटल्यावर टाळकरी ते उचलतात. इंग्रजीत ‘द कोरस पिक्ड अप द रिफ्रेन’ हे त्याचं अगदी सख्खं भाषांतर.

विणकामात तर धागा खराखुरा असतो, आणि ज्या बायका इंग्रजी नमुने वाचून स्वेटर विणतात त्यांच्यासाठी एक बारकावा महत्त्वाचा आहे. नमुन्यात ‘पिक अप अ ड्रॉप्ड स्टिच’ म्हटलं असेल तर सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक शिडी वर चढवत परत सुईवर घ्यायचा. गळ्याच्या किंवा बाहीच्या कडेला ‘पिक अप स्टिचेस’ असेल तर काटेकोर नमुन्यांत त्याचा अर्थ कडेचे वेढे नुसते सुईवर घ्यायचे. पण ‘पिक अप अँड निट’ असेल तर नवा धागा लावून कडेतून एकेक नवा वेढा ओढून काढायचा. पुष्कळ नमुन्यांत पहिलं लिहून दुसरंच अपेक्षित असतं; पुढची ओळ वाचून ठरवावं. सरळ विणीच्या उभ्या कडेला साधारण ४ ओळींमागे ३ टाके उचलतात, कारण टाका उंचीपेक्षा रुंद असतो. प्रत्येक ओळीमागे एक टाका उचलला की गळपट्टी झालरीसारखी फुलते. फारच कमी उचलले की कडेला चुण्या पडून गळा आवळतो.

खर्चाच्या बाबतीत ‘उचलणे’ पुन्हा सोबतीला येतं. ‘द कंपनी विल पिक अप द बिल’ म्हणजे खर्च कंपनी उचलणार. अमेरिकेत ‘बिल’ऐवजी ‘टॅब’ ऐकू येतं. पण खर्चाबरोबर आपण जबाबदारीही उचलतो, तिथे इंग्रजी फाटा फुटतो. जबाबदारी ‘टेक ऑन’ करतात किंवा ‘शोल्डर’ करतात. दुसऱ्याने पसारा करून ठेवला आणि आवरायला आपण, तर ‘पिक अप आफ्टर हिम’. मोडलेला संसार किंवा बुडालेला धंदा पुन्हा उभा करायला बसणं म्हणजे ‘पिक अप द पीसेस’.

आता उलट्या दिशेने बघू, म्हणजे मराठी ‘उचल’ जिथे ‘पिक अप’ होत नाही. हे कार्यालयीन भाषांतरात रोज लागतं. ऊसतोड मजूर मुकादमाकडून हंगामाआधी ‘उचल’ घेतो. इंग्रजीत ती ‘ॲडव्हान्स’. उसाच्या दराची ‘पहिली उचल’ म्हणजे ‘फर्स्ट इन्स्टॉलमेंट’. कर्जाच्या मंजूर रकमेतून उचल केली तर ‘ड्रॉ’ किंवा ‘विथड्रॉ’. रेशनच्या धान्याची गोदामातून उचल म्हणजे सरकारी इंग्रजीत ‘लिफ्टिंग’, आणि एकूण उचलीसाठी ‘ऑफटेक’. यांपैकी कुठेही ‘पिक्ड अप मनी’ किंवा ‘पिक-अप ऑफ ग्रेन’ लिहिलं तर फायलीतून ती ओळ परत येईल.

उचलेगिरीचंही तसंच. दुसऱ्याच्या लेखातला परिच्छेद उचलला तर इंग्रजीत तो ‘लिफ्टेड’. दुकानातली चोरीही ‘शॉपलिफ्टिंग’. ‘पिक्ड अप द पॅराग्राफ’मध्ये चोरीचा आरोपच उतरत नाही. बायकोवर हात उचलणं ‘रेज अ हँड अगेन्स्ट’. पाऊल उचलणं ‘टेक अ स्टेप’. अधिकाऱ्याची उचलबांगडी झाली तर परिस्थितीनुसार ‘रिमूव्ह्ड’ किंवा ‘ट्रान्सफर्ड आउट’. एक जोडी मात्र मन प्रसन्न करणारी आहे. आपल्याकडे दरबारात तबकातला विडा उचलणारा कामगिरी अंगावर घ्यायचा. युरोपात आव्हान देणारा सरदार लोखंडी हातमोजा जमिनीवर फेकायचा आणि तो उचलणारा लढायला तयार झाला असं समजत. त्या हातमोज्याचं नाव ‘गाँटलेट’, म्हणून ‘पिक अप द गाँटलेट’ आणि ‘विडा उचलणे’. ‘टेक अप’ही तितकंच चालतं.

नामाबद्दल थोडं. नाम म्हणून लिहिताना शब्द जोडून येतो, ब्रिटिश लेखनात पुष्कळदा मधे छोटी रेघ असते. क्रियापद मात्र नेहमी तोडून, दोन शब्दांत. ‘प्लीज पिकअप द फाइल’ असं एका शब्दात लिहिणं चूक. मागे उघडा हौदा असलेली गाडी ‘पिकअप’ म्हणून कारखान्यातूनच तयार विकायला फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टीवर सुरुवात केली, किंमत २८१ डॉलर. आपल्याकडे बोलेरोने तो शब्द गावोगाव नेला, आणि मराठीत तो गाडीच्या ओढीने स्त्रीलिंगी झाला: ‘पिकअप उलटली’. पण इंजिनाच्या ताकदीबद्दल बोलताना तोच शब्द पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी होतो, ‘गाडीला चांगला पिकअप आहे’ आणि ‘पिकअप चांगलं आहे’ दोन्ही ऐकू येतं. हा वेगाचा अर्थ अमेरिकन शब्दकोशांत आहे, पण परदेशात गॅरेजवाल्याशी बोलताना ‘ॲक्सलरेशन’ म्हणा. ‘पिकअप’ म्हटलं तर त्याच्या डोळ्यांपुढे हौद्याची गाडी येईल.

उच्चारात दोन गोष्टी. नाम असेल तर जोर ‘पिक’वर, क्रियापदात सर्वनाम मधे आलं की जोर शेवटच्या ‘अप’वर: ‘पिक इट अप’. दुसरी गोष्ट भूतकाळाची. ‘पिकेड अप’ असा उच्चार नाही. ‘क’नंतर तो शेवटचा आवाज ‘ट’ होतो आणि पुढच्या ‘अ’ला चिकटतो, त्यामुळे कानावर ‘पिक्टप’ पडतं. ऐकताना याचीच अडचण होते. बोलणारा ‘शी पिक्टिटप’ म्हणतो, आणि ऐकणारा शब्दकोशात नसलेला शब्द शोधत बसतो. ते आहे ‘शी पिक्ड इट अप’. दहा-बारा वेळा मोठ्याने, एका दमात म्हणून बघा. तोंडाला जमलं की कानालाही जमतं.

सरावाला पाच मराठी वाक्यं घ्या आणि उत्तर झाकून आधी स्वतः करून बघा. ‘बाबांना दादर स्टेशनवरून आणशील का?’ याचं ‘कॅन यू पिक बाबा अप फ्रॉम दादर स्टेशन?’ ‘कितीदा फोन केला, उचलतच नाही’ याचं ‘आय हॅव कॉल्ड सो मेनी टाइम्स, ही जस्ट इजन्ट पिकिंग अप’. ‘दिवाळीनंतर धंदा जरा सावरला’ याचं ‘बिझनेस पिक्ड अप अ लिटल आफ्टर दिवाळी’. ‘मुलाने शेजाऱ्यांकडून गुजराती उचलली’ याचं ‘ही पिक्ड अप गुजराती फ्रॉम द नेबर्स’. पाचवं, ‘मुकादमाकडून पन्नास हजारांची उचल घेतली’, यात ‘पिक अप’ आलं असेल तर खोडा: ‘ही टुक ॲन ॲडव्हान्स ऑफ फिफ्टी थाउजंड फ्रॉम द लेबर काँट्रॅक्टर’.